कोमलचे माळावरचे वाफे

८ जुलै, मंगळवार

पा. म्हणजे पाऊस. थोडा. भांड्याचा तळ ओला झाला एवढाच.

कोमल, माझी नात, सकाळच्या एस.टी.नं पुण्याला गेली. जाताना गच्चीवर पावसाचं भांडं बसवून गेली आणि ही डायरी माझ्या अंगावर टाकली. रोज सकाळी भांडं बघायचं आणि किती पडला ते लिहायचं. म्हणलं तुझी आई बारावी शिकली, तिला सांग, मी चौथीवाली. म्हणे, "आई विसरती. तू कुणाचं काय विसरत न्हाईस." कौतुक का टोमणा, कळलं नाही. आकडा एवढासा आणि पान एवढं मोठं. कोरं कशाला सोडायचं.

११ जुलै, शुक्रवार

पा. नाही.

दत्तू डेअरीवर दूध घालून तणतणत आला. तिथं कोण तरी म्हणालं, "दत्तू, पोरगी एम.एस्सी.ला घातली आन् ती माळावं येऊन गवत मोजती व्हय? आमची म्हस फुकट मोजती की." सगळे हसले. हे त्यानं मला येऊन असं सांगितलं, जसं काय गवत मीच पेरलं.

"मग तू काय बोललास?"

"काय बोलनार?"

हा माझा पोरगा. कांद्यात एक तण दिसलं तर ह्याला भाकरी गोड लागत नाही. पोरीला कोण हसलं तर तोंडाला कुलूप.

१९ जुलै, शनिवार

पा. रात्री बरा पडला. भांड्यावरच्या तिसऱ्या रेघेपर्यंत.

कोमल आली दोन दिवसांसाठी. तिच्याबरोबर माळावर गेले. गुडघा बोंबलत होता, बोंबलू दे.

गायरानात तिनं तारेचे चौकोन केलेत. ग्रामसभेनं एका वर्षाची परवानगी दिली आहे. एक चौकोन तारेच्या आत, त्याच्या शेजारी तेवढाच उघडा. आत शेळी नाही, बाहेर शेळी. भाद्रपदात गवत तुऱ्यावर आलं की दोन्हीकडं काय काय उगवलं ते मोजायचं. तुरा आल्याशिवाय कोणतं गवत कोणतं ते नक्की होत नाही म्हणे. त्याच्यावर तिचा प्रोजेक्ट, आणि प्रोजेक्टवर डिग्री. गावात त्या चौकोनांना वाफे म्हणतात. ती सारखी सांगते, वाफे नाहीत, प्लॉट. प्लॉट म्हणलं की लोकांना बंगला दिसतो. वाफेच बरं.

मी तिला कुसळी दाखवली. म्हणाली, "आज्जी, ही एक न्हाई, तीन वेगळ्या हायेत." मला जन्मभर एकच दिसली. भिंग दिलं हातात. तरी एकच दिसली, जरा केसाळ. म्हणलं असतील तीन, मला काय तिघींना जेवायला वाढायचंय.

मग सरळ विचारलं, शेळ्यांनी माळ बिघडतो का सुधारतो ते सांग.

"अजून माहीत न्हाई."

इतकी वर्षं शिकून माहीत न्हाई!

"म्हणून तर मोजायचं, आज्जी."

माझ्या शेळ्या चार. त्या चौघी तारेबाहेर उभ्या राहून आतल्या हिरव्याकडं बघत होत्या. मला त्यांचं पटत होतं.

२९ जुलै, नागपंचमी

पा. भुरभुर.

आज चिरायचं नाही, खणायचं नाही, तवा ठेवायचा नाही. उकडलेलं खाल्लं.

शेळ्यांना सण नसतो. चंद्रभागा आणि मी माळावर. ती शेजारीण, लग्न होऊन आले तेव्हापासून माझ्या मागं लागलेली.

"हिरे, समज तुझ्या नातीचा निकाल तुझ्याच शेळ्यांवं उलटला तर? गायरान बंद करा म्हणली तर?"

"उलटला तर तिच्याशी भांडीन. आधी निकाल येऊ तर दे."

"येडी हायेस."

"व्हय. तू शानी, म्हणून तुझा बोकड तारेत अडकलाय. जा, सोडव."

खरंच अडकला होता. सोडवताना तिचं लुगडं फाटलं. मला शिव्या. कोमलला शिव्या. बोकडाला काही नाही.

१० ऑगस्ट, रविवार

पा. नाही. तीन दिवस नाही.

कोमलचा फोन. तिच्या जोशी मॅडम पोळा झाल्यावर सोमवारी वाफे बघायला येणार. बरोबर दुसऱ्या कॉलेजचे एक सर. त्यांनी बघितलं की मग मोजायचं.

दत्तू कान देऊन ऐकत होता. पहिल्यांदाच विचारलं, "कोन कोन येनार? जीप घेऊन येनार का? मग जेवाया हितंच की." संध्याकाळपर्यंत डेअरीवर सांगून आला, पुण्याहून साहेब लोक येणार आपल्या कोमलचं काम बघाया. आता आपली कोमल. चला, उशिरा का होईना.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कोल्हारला निघाले. धाकट्या बहिणीचा, यमुनेचा, मोतीबिंदू काढला. चार दिवस तिच्या डोळ्यात थेंब टाकायला कोण तरी पाहिजे. सुना आहेत तिला, पण सुनांचा हात थरथरतो म्हणे. सुनांचं खरं मला माहीत आहे.

पावसाचं भांडं सुनंदाला नेमून दिलं. माझी सून वाईट नाही. "आत्याबाई, जावा तुमी निवांत, मी बघते." निवांत जाऊ नये माणसानं.

२२ ऑगस्ट, पोळा, कोल्हार

प्रवरेला पाणी चांगलं. इथं नजर जाईल तिथं ऊस. यमुनेला कोमलच्या वाफ्यांचं सांगितलं तर पट्टीखालून म्हणाली, "गवत मोजून नवरा भेटत असतोय का?" म्हणलं तुला न मोजता भेटला, काय दिवे लागले. दिवसभर बोलली नाही. थेंब मात्र टाकून घेतले.

२५ ऑगस्ट, सोमवार

सगळं लिहून ठेवते. नंतर जो तो आपल्या सोयीचं सांगेल.

कोल्हारहून सकाळी निघाले, नगरला गाडी बदलली. फाट्यावर उतरले तर मागून जीप. आत कोमल, जोशी मॅडम, एक चष्म्याचे सर. "आज्जी, बस बस." बसले. मॅडम सुती साडीतल्या, पायात बूट, बोलायला साध्या. कोमल त्यांना सांगत होती, मारवेलीला तुरा आला असेल, पवन्याला आठवड्यात येईल. पोरगी नुसती फुलून आली होती.

जीप थेट माळावर. दत्तू तिथं उभा. नवा सदरा, टोपी. तारेच्या फाटकाला झेंडूचा हार. वाफ्याच्या कडेनं चुन्याची फक्की मारलेली, लग्नाच्या मांडवापुढं मारतात तशी.

आणि वाफे स्वच्छ. म्हणजे स्वच्छच. उघडी माती, तिच्यावर खुरप्याच्या रेघा. काडी नाही. तारेच्या आतलं खुरपलं, शेजारचं उघडंही खुरपलं. बाया लावून सगळं बेणून घेतलेलं. उपटलेल्या गवताच्या पेंढ्या बांधून एका बाजूला रचून ठेवल्या होत्या.

"या मॅडम, या. पोरीचं काम हाय, म्हणून सोता उभं ऱ्हाऊन करून घेतलं. तण म्हणून ठेवलं न्हाई."

सर चष्मा काढून पुसायला लागले. मॅडम खाली बसल्या, मातीत दोन बोटं घातली, बघत राहिल्या. कोमल फाटकाला धरून उभी. हार तिच्या कोपराला लागत होता.

दत्तू अजून हसत होता. "का वो? काय कमी ऱ्हायलं का?"

शेवटी मीच म्हणलं, "दत्तू, ते तणच पीक हुतं."

त्याला कळायला वेळ लागला. मग कळलं. टोपी काढली, परत घातली. मग म्हणाला, "सुनंदानं सैपाक केलाय. चला जेवाया."

२६ ऑगस्ट, मंगळवार

पा. सुनंदानं चार दिवस लिहिलाच नाही. म्हणे गडबडीत राहिला. राहू दे, आता त्याचं काय लोणचं घालायचंय.

काल जेवताना मॅडमनी समजावून सांगितलं. आवाज चढवला नाही, म्हणून जास्त लागलं. ह्या वर्षाचं मोजणं गेलं. आता दोन वाटा. एक, कोमलनं दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचून त्याच्यावर प्रोजेक्ट लिहायचा. पास होईल, उन्हाळ्यात डिग्री मिळेल. "पण त्यात तुझं काही नसेल," म्हणाल्या. दुसरी, मुदतवाढ मागायची, पुढचा पावसाळा परत मोजायचा. वर्ष जाईल. ग्रामसभेची परवानगी परत घ्यावी लागेल. मुदतवाढ मिळेलच असं त्या सांगू शकत नाहीत.

जाताना दत्तूला म्हणाल्या, "तुम्ही प्रेमानं केलंत." त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं रात्री भाकरी खाल्ली नाही.

कोमल भिंतीकडं तोंड करून पडली आहे. म्हणलं ऊठ, शेण पडलंय गोठ्यात. उठली. शेण भरलं. परत पडली.

३० ऑगस्ट, शनिवार

पा. चांगला. गणपतीत नेहमी पडतो.

दत्तूनं डोकं चालवलं. म्हणतो, "कोमल, गेल्या साली तू हितं नुसतं बघाया आलती ना, तवा काय लिहिलं आसंल. त्येच आकडे जरा इकडं तिकडं कर आन् घालून टाक. कोन येतंय मोजाया?"

कोमल नाही म्हणाली नाही. तेवढ्याचा मला राग आला.

मी दत्तूला म्हणलं, "तू दुधात पानी घालतोस का रे?"

"आये, काय बोलतीस!"

"न्हाई ना? का न्हाई? डेअरीवाला यंत्र लावतोय म्हणून, का तुझी लाज हाय म्हणून?"

उठून गेला. सुनंदा म्हणाली, आत्याबाई, त्यांना अजून किती बोलणार. म्हणलं, ज्याला बोलायचंय तो गेला, आता तू ऐक. तीही गेली. कोमल राहिली. तिला म्हणलं, गवत आलं नाही तर आलं नाही म्हणून लिही. पण जे मोजलं नाही ते मोजलं म्हणून लिहिलंस, तर मग पुण्याला शिकायला कशाला गेलीस, ते गावातही शिकवतात.

७ सप्टेंबर, रविवार

पा. नाही.

कोमल पुण्याला गेली परत. ठरवलेलं काही नाही.

सुनंदानं आता दुसरंच काढलं. राहात्याचं स्थळ. पेरूची बाग, पोरगा शिकलेला, घरी ट्रॅक्टर. दत्तूला लगेच पटलं. मला दिसतंय ना त्याचं. लग्न झालं की वाफ्यांचा विषय संपला, आणि विषय संपला की त्याची फजिती संपली. त्या दिवसापासून माळाच्या वाटेनं जात नाही. बांधाला जायला ओढ्यातून वळसा घालतो.

म्हणतो, "देवाचाच कौल हाय, आये."

म्हणलं, देवानं खुरपं धरलं नव्हतं.

पित्रं झाली की येतो म्हणाले राहात्याचे.

२८ सप्टेंबर, रविवार

पा. लई. आठ दिवस सोडत नाही. कांद्याची रोपं गेली कितीकांची.

अशा पावसातही आले राहात्याचे. गाडीची चाकं चिखलात, पण आले. पोराची आई अंगानं भरलेली, बोलणं तुपातलं. "शिकू दे की. आमी काय शिक्षणाच्या आड येनार न्हाई. लगीन झालं की आमच्यात राहून करंल पुरं."

"तुमच्यात माळ हाय का?" मी विचारलं.

"माळ? न्हाई बाई, समदं बागायत."

"मग तिचं गवत कुठं उगवनार? पेरूखाली?"

सुनंदानं मला आतून डोळे मोठे करून दाखवले. मला आता लांबचं दिसत नाही.

पोरगा बरा वाटला. खोटं कशाला लिहू. त्यानं कोमलला विचारलं, नक्की काय असतं तुमचं. तिनं सांगितलं, माळ म्हणजे पडीक नाही, त्यावर काय काय जगतं, चंडोल, खोकड, लांडगा, आणि चराई किती असली तर ते टिकतं हे बघायचं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "आमी तर गवत फवारून मारतो."

कोमल हसली. त्या दिवसानंतर पहिल्यांदा हसली. आता हे चांगलं का वाईट, माझं मलाच कळेना.

जाताना आई म्हणाली, तुळशीची लग्नं झाली की बार उडवू. दत्तू म्हणाला, कळवतो. व्हय म्हणाला नाही. पण नाही पण म्हणाला नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

दसऱ्यामुळं पुढं गेलेली ग्रामसभा आज झाली. कोमल मुद्दाम आली. मी म्हणलं तू मुदत मागणार का नाही ते नंतर ठरव, आधी जागा तर हातात ठेव. जागा गेल्यावर मन झालं तर काय करशील.

मारुतीच्या देवळापुढं सभा. बाया मागं, नेहमीसारख्या. उपसरपंच उठला. वरून रोपं मंजूर झाली आहेत, गायरानात खड्डे घ्यायचे, ओल आहे तोवर. "माळ मोकळाच पडलाय. हिवऱ्याचं बघा, झाडं लावून कसं केलं त्यांनी. आपन कवा करनार?" टाळ्या.

कोमल उठली. म्हणाली, माळावर सरसकट झाडं लावू नका, माळाचं गवत जाईल, गवतावर जगणारं जाईल. झाडं ओढ्याकाठी लावा, बांधावर लावा.

मग काय विचारता. "पर्यावरनाची पोरगी झाडाला नगं म्हनती!" पोटं धरून हसले. एकजण म्हणाला, "हिला झाडाचं वावडं, बापाला गवताचं." दत्तू मागच्या खांबाला टेकून होता. मी बघितलं, मान खाली.

मग मी उठले. उठायला वेळ लागतो मला, तेवढ्यात हसणं आपोआप थांबलं.

"झाडाचं मला काय कळत न्हाई," म्हणलं. "मला झाड आवडतं, सावलीला बरं. पोरगी म्हनती ते खरं का तुमी म्हनता ते खरं, मला ठाव न्हाई. तुमाला बी ठाव न्हाई. ठाव नसलेलं मोजून बघाया तुमी तिला वरीस दिलं हुतं. ते वरीस माझ्या पोराच्या खुरप्याखाली गेलं. आजून एक द्या."

उपसरपंच म्हणाला, "आज्जी, तुमच्याच शेळ्या चरतात तिथं. उद्या तीच म्हनली शेळ्या काढा, तर?"

"तर माझ्या शेळ्या, माझी नात, आमी बघू. तुझी रोपं जगवाया तू रोज पानी घालाया येनार का, ते सांग आधी."

बाया हसल्या. ह्या वेळी बाया. चंद्रभागा सगळ्यात मोठ्यानं. तिच्या बोकडाला सगळं माफ केलं मी.

ठरलं ते असं: वाफ्यांचं पुढच्या सभेत बघू. तोवर खड्डे घ्यायचे ते वाफे सोडून. ग्रामसेवकाला विचारलं, हे लिहिलं का? "लिहितो, आजी." लिहिलं का, म्हणलं. "लिहितो म्हणालो ना."

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

भांडं कोरडं. उतरवून घासून ठेवलं.

कोमल चार दिवस आहे. ओवाळणं झाल्यावर माझ्याबरोबर माळावर आली. वाफ्यात उशिरानं काही काही उगवलंय, वीतभर. ती खाली बसून बघत होती. म्हणाली मोजण्यात काही अर्थ नाही. तरी बघत होती.

मग म्हणाली, "आज्जी, माझ्या वर्गातल्या सगळ्या पुढं जातील. एकीला नोकरी पण लागली. मी परत हितंच. पुढच्या वर्षी पाऊसच नाही पडला तर? परत कोणी काही केलं तर?"

म्हणलं, "पुढचं वरीस येनारच हाय, तू मोज न्हाईतर नको मोजू."

"तुला काय मिळणार यातून?"

"मला त्या शेळ्यांचं कळायचंय. तूच डोक्यात घातलंस. आता अर्ध्यात सोडतीस?"

"आणि शेळ्यांच्या विरुद्ध निघालं तर?"

"ते चंद्रीनं विचारलंय आधीच."

घरी आल्यावर दत्तूनं तिला विचारलं, राहात्याला काय कळवू? ती म्हणाली, "आप्पा, आधी मला ठरवू दे." तो म्हणाला, ठरव. मग चहा प्यायला दोघांनी, एकमेकांकडं न बघता. बापलेकीचं हे असं चाललंय. मी मधे पडले नाही. मला मधे पडायला कोणी बोलवावं लागतं असं नाही, पण पडले नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

कोमलचा फोन. मुदतवाढीचा अर्ज दिला. मॅडमची सही झाली. आता वर कमिटी बसेल, ती हो म्हणेल का नाही माहीत नाही. "आज्जी, दिला बघ," एवढंच म्हणाली. मी फोनचा खर्च नको म्हणून ठेवला. आता फोनला खर्च नसतो म्हणे, तरी ठेवला.

सुनंदानं ऐकलं. भांडी जरा जोरात घासली. मग म्हणाली, "आत्याबाई, पोरीचं वय थांबत न्हाई."

"गवताचं बी थांबत न्हाई."

"तुमाला समदं सोपं वाटतं."

सोपं वाटत नाही मला. पण तिला ते कशाला सांगू.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी चंद्रभागा पळत आली. "हिरे, माळावं जेसीबी!"

शेळ्या तिच्याकडं दिल्या, काठी घेतली, गेले. वाटेत तीन वेळा बसले. पोचले तर मशीन माळाच्या खालच्या अंगानं खड्डे घेत वर सरकत होतं. सरळ रेषेत. वाफ्याच्या तारा रेषेत येत होत्या.

ड्रायव्हर कोवळ्या वयाचा, बाहेरगावचा. त्याला हात केला. कानाला काय तरी लावलेलं, ऐकेना. मग मी पुढं जाऊन पहिल्या वाफ्याच्या फाटकाला पाठ लावून खाली बसले. मशीन थांबलं.

"आज्जी, उठा तिथून. लागंल."

"वाफे सोडून घ्यायचे असं सभेत ठरलंय."

"मला कोन बोललं न्हाई. मला रांग दिलीय आखून."

"मी बोलतीय की आता."

"आज्जी, माझं काम हाय वो."

"माझं बी हायच. जेवलास का?"

गोंधळला बिचारा. त्यानं फोन लावला. उपसरपंच उचलेना. ग्रामसेवक तालुक्याला गेलेले. कुणीतरी त्याला सांगितलं, लिहिलेलं काही नाही, घे तू. तो खाली उतरला, माझ्याजवळ येऊन उभा राहिला. हात लावायला धजेना. म्हातारी माणसं अशा कामाला बरी.

मला कोण उठवतंय बघू, असं मनात म्हणत होते. तोंडानंही म्हणत असेन.

मग मोटरसायकलचा आवाज. दत्तू. माळाच्या वाटेनं. तीन महिन्यांत पहिल्यांदा. गाडी लावली, माझ्याकडं एकदा बघितलं, आला नाही जवळ. सरळ ड्रायव्हरकडं गेला. त्याला धरून मशीनच्या पलीकडं नेलं. दोघं बोलत होते. दत्तूची पाठ माझ्याकडं. मशीनचं इंजिन चालूच होतं, त्यामुळं एक शब्द ऐकू आला नाही. पोरगा मान हलवत होता. हो म्हणून का नाही म्हणून, इतक्या लांबून मला दिसलं नाही.

मशीन वळलं आणि उतारानं खाली गेलं. रांग तारेपासून चार हातांवर थांबलेली आहे. शेवटच्या खड्ड्याची माती अजून ओली.

दत्तू आला, मला हाताला धरून उठवलं, गाडीवर मागं बसवलं. वाटेत विचारलं, काय बोललास त्याला?

"बोललो."

"काय?"

"आये, नीट धर, खड्डा हाय."

"उद्या परत येनार का तो?"

"बघू."

घरी आल्यावर सुनंदानं दोघांना चहा दिला. कोमलला मी फोन केला नाही, अजून सांगण्यासारखं काही झालेलं नाही.

बघू काय बघू. उद्या उजाडल्यावर जाणार आहे. सुनंदाला सांगितलंय, दोन भाकरी जास्त टाक, तो ड्रायव्हर पोरगा बहुतेक उपाशीच येतो. दत्तू तिथंच बसून ऐकत होता. म्हणाला, "तीन टाक."